अर्धस्वयंचलित शॉटगनचे क्रियाचक्र

अर्धस्वयंचलित शॉटगनचे क्रियाचक्र म्हणजे बार उडाल्यानंतर रिकामे कवच बाहेर टाकणे, घोडा पुन्हा चढवणे आणि पुढचे काडतूस नळीच्या मागील कक्षात भरणे ही, काडतुसाच्याच ऊर्जेवर घडणारी यांत्रिक प्रक्रिया होय. चाप एकदा ओढल्यावर एकच बार उडतो. मात्र पुढील बारासाठीची तयारी बंदूक स्वतः करते. एकनळी, दुनळी किंवा हाताने सरकवायच्या पंप बंदुकीत हे काम माणसाचा हात करतो. त्यामुळे तेथे काडतूस हलके असो वा भारी, बंदुकीच्या चालण्यात फरक पडत नाही. अर्धस्वयंचलित बंदुकीत मात्र काडतूस हा यंत्राचाच एक भाग ठरतो. एखादी बंदूक 'विश्वासार्ह' आहे असे म्हणताना ती कोणत्या काडतुसांसह विश्वासार्ह आहे, हे सांगावे लागते.

वेगवेगळ्या भाराच्या काडतुसांवर हे चक्र अखंड चालावे, ही या प्रकारच्या बंदुकीच्या रचनेतील सर्वांत जुनी अडचण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून रचनाकारांनी तिच्यावर घर्षणकड्या, वायूचा निचरा करणाऱ्या झडपा आणि जडत्वाची स्प्रिंग असे निरनिराळे उपाय योजले.

## काडतूस व त्याची मोजमापे

शॉटगनच्या नळीचा व्यास 'बोअर'मध्ये सांगतात. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड वजन भरते, ती संख्या म्हणजे बोअर. म्हणून आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद असते. १२ बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, तर २० बोअरचा सुमारे १५.६ मिलिमीटर असतो.

काडतुसात बुडाशी प्रायमर, त्यावर निर्धूम दारू, मग वॅड आणि शेवटी छर्रे अशी मांडणी असते. वॅड म्हणजे दारू व छर्रे यांच्यामधील बूच. तो वायूला मागे अडवून छर्ऱ्यांना पुढे ढकलतो. कवच पूर्वी कागदाचे असे, आता ते बहुधा प्लॅस्टिकचे असते. बुडाचा धातू पितळ किंवा पितळी मुलामा दिलेले पोलाद असतो.

काडतुसाची लांबी ६५, ७०, ७६ किंवा ८९ मिलिमीटर अशी सांगितली जाते. ही लांबी बार उडाल्यानंतर तोंड पूर्ण उघडलेल्या कवचाची असते. न उडालेले काडतूस त्याहून आखूड दिसते, कारण त्याचे तोंड आत दुमडलेले असते. त्यामुळे लांब काडतूस आखूड कक्षातही सहज शिरते आणि वापरणाऱ्याची फसगत होऊ शकते.

छर्ऱ्यांचा आकार दाखवणाऱ्या क्रमांकाचा क्रियाचक्राशी थेट संबंध नसतो. बारीक व जाड छर्ऱ्यांच्या दोन काडतुसांत छर्ऱ्यांचे एकूण वजन आणि वेग सारखे असतील, तर बंदुकीला बसणारा धक्काही जवळजवळ सारखाच असतो. यंत्रणेच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी तीन : छर्ऱ्यांचे एकूण वजन, नळीच्या तोंडाशी त्यांचा वेग आणि दारू जळण्याची गती.

## चक्राचे टप्पे

बार उडाल्यापासून पुढच्या बाराच्या तयारीपर्यंत पुढील क्रिया एका सेकंदाच्या लहानशा अंशात घडतात :

- कक्ष बंद ठेवणारे कुलूप उघडणे. नळीतील दाब सुरक्षित पातळीपर्यंत उतरल्यावरच हे व्हावे लागते.
- बोल्टने रिकामे कवच कक्षातून ओढून काढणे.
- कवच बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकणे.
- मागे येणाऱ्या बोल्टने घोडा चढवणे आणि परतीची स्प्रिंग दाबणे.
- मॅगझिनच्या नळीतून पुढचे काडतूस बाहेर येणे व उचलपट्टीने ते कक्षासमोर आणणे.
- स्प्रिंगच्या जोराने बोल्ट पुढे येऊन काडतूस कक्षात ढकलणे आणि पुन्हा कुलूपबंद होणे.

यांपैकी कोणत्याही टप्प्याला ऊर्जा अपुरी पडली, तर चक्र तेथेच थांबते. ऊर्जा फार जास्त झाली तरीही अडचण येते. बोल्ट इतक्या वेगाने मागे जाऊन परततो की, पुढचे काडतूस वर येण्याआधीच तो त्याच्यावरून निघून जातो. शिवाय बोल्ट मागील भिंतीवर आदळत राहिल्याने सुटे भाग झिजतात, तडकतात.

## ऊर्जेचा हिशेब

वेगवेगळ्या काडतुसांमधील अंतर किती मोठे असते, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. बंदुकीचे वजन ३.२ किलोग्रॅम आणि छर्ऱ्यांचा वेग सेकंदाला ४०० मीटर धरू. वॅड व वायू यांचा वाटा सोपेपणासाठी वगळू.

२४ ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसात छर्ऱ्यांचा संवेग ९.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद येतो. तेवढाच संवेग बंदुकीला मागच्या दिशेने मिळतो, म्हणून ती सेकंदाला ३ मीटर वेगाने मागे येऊ पाहते. त्या वेळी तिची गतिज ऊर्जा १४.४ ज्यूल असते. छर्ऱ्यांचे वजन ३६ ग्रॅम केले की संवेग १४.४, वेग सेकंदाला ४.५ मीटर आणि ऊर्जा ३२.४ ज्यूल होते.

म्हणजे छर्ऱ्यांचे वजन दीडपट झाले, तर बंदुकीच्या प्रत्याघाताची ऊर्जा सव्वादोनपट होते. परतीची स्प्रिंग, घर्षण आणि कवच ओढण्याचा विरोध मात्र दोन्ही वेळी जवळजवळ तेवढाच राहतो. हलक्या काडतुसाला पुरेल इतकी मऊ स्प्रिंग भारी काडतुसाला अपुरी पडते आणि भारी काडतुसाला सोसणारी कडक स्प्रिंग हलक्या काडतुसाला दाबता येत नाही.

## यंत्रणांचे प्रकार

### दीर्घ प्रत्याघात

जॉन ब्राउनिंग या अमेरिकी रचनाकाराची 'ऑटो-५' ही मोठ्या प्रमाणावर यशस्वी झालेली पहिली अर्धस्वयंचलित शॉटगन होय. तिचे उत्पादन १९०२ पासून बेल्जियममधील एफ.एन. कारखान्यात सुरू झाले आणि ते विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकले. हिच्यात बार उडाल्यावर नळी व बोल्ट एकमेकांना जखडलेल्या अवस्थेत काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर मागे येतात. मग बोल्ट मागे अडकून राहतो, नळी एकटी पुढे जाते, कवच बाहेर पडते आणि त्यानंतर बोल्ट पुढचे काडतूस घेऊन परततो.

काडतुसांतील फरकाचा प्रश्न ब्राउनिंगने घर्षणाने सोडवला. मॅगझिनच्या नळीभोवती मोठी स्प्रिंग, काशाचे घर्षणकडे आणि एका बाजूने उतार दिलेली पोलादी कडी असते. भारी काडतुसांसाठी पोलादी कडी काशाच्या कड्याला लागून बसवतात. धक्क्याने ती काशाचे कडे आवळते, घर्षण वाढते आणि नळीचा वेग आवरला जातो. हलक्या काडतुसांसाठी तीच कडी काढून स्प्रिंगच्या मागच्या टोकाला ठेवतात, म्हणजे आवळ कमी होते. कड्यांची मांडणी हलक्या भाराची ठेवून भारी काडतुसे सतत वापरल्यास नळी जोराने मागे आदळते आणि कालांतराने लाकडी दस्त्याला तडा जाऊ शकतो. मॅगझिनच्या नळीवर जास्त तेल लावले तरी घर्षण कमी होऊन तोच परिणाम होतो. ती अगदी कोरडी वा गंजलेली असली, तर उलट बोल्ट पुरेसा मागे येत नाही.

### वायुचलित यंत्रणा

या प्रकारात नळी स्थिर असते. नळीला पाडलेल्या एक वा अधिक बारीक छिद्रांतून थोडा वायू खाली येऊन दट्ट्याला मागे ढकलतो आणि दट्ट्या बोल्ट चालवतो. १९६३ मध्ये बाजारात आलेली 'रेमिंग्टन ११००' ही या प्रकारातील गाजलेली बंदूक आहे.

येथे निर्णायक ठरतो तो छिद्रापाशी असलेला दाब. दारू लवकर जळणारी असेल, तर कक्षातील कमाल दाब मोठा असूनही वॅड छिद्रापाशी पोहोचेपर्यंत तो बराच उतरलेला असतो. म्हणून खांद्याला सारखाच धक्का देणारी दोन काडतुसे वायुचलित बंदुकीत वेगवेगळी वागू शकतात.

छिद्र मोठे ठेवले तर हलकी काडतुसे चालतात, पण भारी काडतुसांनी यंत्र झिजते. यावर तीन उपाय रूढ झाले. पहिला, वेगळ्या भारासाठी वेगळ्या छिद्रांची नळी. दुसरा, ठरावीक दाबापलीकडचा वायू बाहेर सोडणारी स्प्रिंगची झडप. १९८७ ची 'रेमिंग्टन ११-८७' याच तत्त्वावर ७० व ७६ मिलिमीटर अशी दोन्ही काडतुसे चालवते. तिसरा, काडतुसाच्या लांबीचाच उपयोग. २०१० मध्ये आलेल्या 'व्हर्सा मॅक्स' या बंदुकीत छिद्रे कक्षातच आहेत. लांब काडतुसाचे कवच त्यांतील काही छिद्रे झाकते, तर आखूड काडतुसाला सर्व छिद्रे खुली मिळतात.

जळलेल्या दारूची काजळी हा या यंत्रणेचा मुख्य शत्रू होय. छिद्रे बुजली किंवा दट्ट्यावर थर साचला की सर्वांत आधी हलकी काडतुसे अडखळू लागतात. '११००'सारख्या बंदुकीत वायू रोखणारी रबरी कडी तुटली तरी चक्र मंदावते.

### जडत्वचलित यंत्रणा

इटलीतील ब्रुनो चिवोलानी यांची रचना 'बेनेल्ली' या कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून प्रचारात आणली. हिच्यात बोल्टचे डोके आणि जड बोल्टवाहक यांच्यामध्ये एक आखूड, कडक स्प्रिंग असते. बार उडताच सारी बंदूक मागे येते, पण सुटा बोल्टवाहक जडत्वामुळे जागीच राहू पाहतो आणि स्प्रिंग दाबली जाते. पुढच्या क्षणी ती स्प्रिंग बोल्टवाहकाला मागे फेकते, बोल्टचे डोके फिरून कुलूप उघडते आणि चक्र सुरू होते.

वायू यंत्रणेत येत नसल्याने ही बंदूक आतून स्वच्छ राहते. मात्र बंदूक मागे सरकणे ही तिच्या चालण्याची अटच आहे. दस्ता भिंतीला किंवा झाडाला टेकवून बार काढला, अथवा बंदुकीवर विजेरी, दुर्बीण, जादा काडतुसांचा पट्टा असे वजन वाढवले, तर हलक्या काडतुसांवर चक्र अपुरे राहू शकते. बोल्ट हळुवार हाताने पुढे नेल्यास त्याचे डोके पूर्ण न फिरता राहण्याचीही शक्यता असते. अशा वेळी चाप ओढल्यावर नुसता खटका ऐकू येतो.

### मिश्र यंत्रणा

काही बंदुकींत अर्धस्वयंचलित आणि पंप अशा दोन्ही पद्धती एकत्र असतात. 'बेनेल्ली एम ३' हे त्याचे उदाहरण. रबरी गोळीची किंवा तत्सम कमी दाबाची काडतुसे, जी यंत्रणा चालवू शकत नाहीत, ती वापरताना बंदूक पंप पद्धतीवर आणतात. यंत्रणा कोणतीही असो, काडतुसात नसलेली ऊर्जा तिला निर्माण करता येत नाही, याची ही रचना एक प्रकारे कबुलीच आहे.

## काडतुसाच्या बांधणीचा परिणाम

भाराव्यतिरिक्त काडतुसाच्या बांधणीतील काही गोष्टीही चक्रावर परिणाम करतात. पितळ बारानंतर पुन्हा थोडे आकसते, त्यामुळे कवच कक्षातून सहज सुटते. स्वस्त काडतुसांतील पोलादी बूड तितके आकसत नाही आणि खडबडीत कक्षात घट्ट बसते. तोंडाची घडी तारेसारखी आहे की गोल वळवलेली, यावर भरताना काडतुसाच्या पुढच्या कडेचा आकार अवलंबून असतो. गोल वळवलेली कड काही बंदुकींत अडखळते.

कागदी कवच दमट हवेत फुगते आणि कक्षात अडकते. महाबळेश्वरसारख्या वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या घाटमाथ्यावर जुनी कागदी काडतुसे साठवताना हा दोष विशेष जाणवण्याजोगा आहे. अशाच हवेत कक्षाला चढलेला सूक्ष्म गंज प्लॅस्टिकच्या कवचालाही धरून ठेवतो.

## बिघाडांची लक्षणे

- कवच खिडकीत उभे अडकणे : बोल्ट पूर्ण मागे गेलेला नसतो. काडतूस हलके असणे, काजळी, जाड झालेले तेल किंवा कमकुवत फेकपट्टी ही नेहमीची कारणे.
- कवच कक्षातच राहणे : कक्ष खडबडीत वा गंजलेला असणे, बूड फुगणे किंवा ओढणाऱ्या आकड्याची धार झिजणे.
- कवच बाहेर पडते, पण पुढचे काडतूस येत नाही : बोल्ट फार कमी किंवा फार जास्त वेगाने चालणे, मॅगझिनची स्प्रिंग ढिली पडणे.
- काडतूस अर्धवट कक्षात शिरणे : परतीची स्प्रिंग थकणे, कक्षात घाण असणे किंवा काडतुसाची कड दुमडणे.
- कवचे फार दूर फेकली जाणे व धक्का वाढणे : ऊर्जा गरजेपेक्षा जास्त असणे, घर्षणकड्यांची मांडणी वा झडप तपासण्याची खूण.

निदान करताना एका वेळी एकच गोष्ट बदलणे उपयुक्त ठरते. बंदूक स्वच्छ करून, उत्पादकाने सांगितलेल्या किमान भारापेक्षा वरचे काडतूस वापरल्यावर दोष नाहीसा झाला, तर तो भाराचा होता असे समजते. भारी काडतुसावरही तो टिकला, तर कक्ष, आकडा वा स्प्रिंग तपासावी लागते. नव्या बंदुकीचे भाग एकमेकांवर घासून गुळगुळीत होईपर्यंत सुरुवातीची काही काडतुसे भारी वापरावीत, अशी सूचना अनेक उत्पादक देतात. वायूचे छिद्र मोठे करणे हा उपाय परतवता येत नाही आणि नंतर भारी काडतुसे वापरल्यास तो बंदुकीला घातक ठरतो.

## सुरक्षितता

क्रियाचक्र थांबणे ही कधीकधी मोठ्या धोक्याची पहिली सूचना असते. बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि बोल्ट चालला नाही, तर वॅड नळीत अडकलेला असू शकतो. अशा वेळी हाताने बोल्ट ओढून पुढचे काडतूस भरणे व बार काढणे म्हणजे बंद नळीत स्फोट घडवणे होय. बंदूक पूर्ण रिकामी करून नळी आरपार मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत दुसरे काडतूस भरू नये.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ थांबावे, कारण प्रायमर उशिराने पेटू शकतो. कक्षाच्या लांबीपेक्षा लांब काडतूस वापरल्यास उघडणारे तोंड नळीच्या निमुळत्या भागात अडते आणि दाब धोकादायक वाढतो. १२ बोअरच्या बंदुकीत चुकून २० बोअरचे काडतूस गेल्यास ते कक्ष ओलांडून नळीत अडकते. त्याच्यामागे १२ बोअरचे काडतूस भरून बार काढल्यास नळी फुटते. २० बोअरची कवचे पिवळी ठेवण्याची प्रथा यासाठीच आहे.

## क्रीडाप्रकारांतील वापर

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ट्रॅप व स्कीट प्रकारांत काडतुसातील छर्ऱ्यांचे वजन २४ ग्रॅमपर्यंत मर्यादित आहे. नियमांनुसार या प्रकारांत अर्धस्वयंचलित शॉटगन वापरता येते, पंप बंदूक वापरता येत नाही. प्रत्यक्षात बहुतेक स्पर्धक एकावर एक नळ्या असलेली दुनळी बंदूक पसंत करतात. जोडीने उडणाऱ्या चकत्यांपैकी दुसरीसाठी बंदूक तयार असणे आवश्यक असते, आणि २४ ग्रॅमच्या हलक्या भारावर दुनळीला अडण्याचे कारणच नसते.

## सातारा, सांगली व सह्याद्रीचा परिसर

सातारा जिल्ह्यातील पाटण व जावळी, तसेच सांगली जिल्ह्यातील शिराळा हे तालुके सह्याद्रीच्या जंगलांना लागून आहेत. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. या पट्ट्यात रानडुक्कर व गवा यांच्याकडून होणारे पिकांचे नुकसान हा शेतकऱ्यांचा जुना प्रश्न आहे. पीकसंरक्षणासाठीची बंदूक हा विषय येथे त्याच संदर्भात येतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, तर संरक्षण व खेळासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रे, पिस्तुलासारखे अपवाद वगळता, पहिल्या वर्गात घातली आहेत. साध्या एकनळी-दुनळी बंदुकींपेक्षा हा वर्ग वेगळा व अधिक कडक आहे. त्यामुळे ग्रामीण भागातील परवान्याची बंदूक म्हणजे मुख्यतः ठासणीची किंवा मधून मोडून भरायची १२ बोअरची बंदूक होय. बंदुकीची दुरुस्ती वा चाचणी व्यवसाय म्हणून करण्यासही परवाना लागतो.

शेतातील गरजही याच साध्या बंदुकींना अनुकूल आहे. जनावरे पिटाळण्यासाठी पुष्कळदा केवळ आवाजाचा बार काढला जातो. छर्ऱ्यांविना काडतुसात वस्तुमान नसल्याने प्रत्याघात नगण्य असतो आणि नळीत दाब टिकत नाही; अर्धस्वयंचलित यंत्रणा अशा काडतुसावर चालत नाही. ठासणीच्या किंवा दुनळी बंदुकीला हा प्रश्न येत नाही.

परवान्याची बंदूक जवळ असणे म्हणजे वन्यप्राणी मारण्याची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गवा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाखाली आहे. उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या रानडुकराबाबत कलम ११ खाली अधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक असते.

महाराष्ट्रात १२ बोअरची काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. १८६९ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना २०२१ पासून 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीचा भाग आहे. काडतुसाच्या बुडावरील 'केएफ' ही खूण खडकीच्या 'किर्की' या इंग्रजकालीन नावावरून आली आहे.

## हे सुद्धा पहा

- बंदूक
- काडतूस
- नेमबाजी
- सह्याद्री व्याघ्र प्रकल्प